अल्ताइरचा रिकामा हात

बारावीची परीक्षा संपली आणि आमच्या साहेबजाद्यांनी मामूच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'असॅसिन्स क्रीड' नावाचा गेम सुरू केला. नावातच खून. पडद्यावर डोक्यावरून टोपडे ओढलेला, मनगटात पाते लपवलेला अरब. मी म्हटले, बदनामीला आता खेळच तेवढे उरले होते, बंद कर. "अम्मी, आधी बघा तरी," तो म्हणाला. मग आठ-दहा दिवस असरनंतर शेजारी बसून बघितला.

युबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने हा गेम 2007 साली आणला. काळ 1191, तिसरी सलीबी जंग. सलाहुद्दीन अय्यूबींनी बैतुल मुकद्दस परत घेऊन चार वर्षे झालेली, अक्का मात्र सलीबींच्या हाती गेलेले. ही दोन शहरे आणि दमिश्क, तिन्ही इतक्या मेहनतीने उभी केली आहेत की उंच मनोऱ्यावरून खाली बघताना मी पोळ्या विसरले. नायकाचे नाव अल्ताइर इब्न ला-अहद. ताइर म्हणजे पक्षी, हे उर्दू शिकलेल्याला सांगायला नको. आडनावाचा अर्थ 'कोणाचाही पुत्र नाही'. एवढे अरबी नाव, पण बोलतो मात्र अमेरिकन हेलात, आणि आजूबाजूचे लोक अरबी वळणाचे इंग्रजी बोलतात!

माझा पहिला राग लवकरच निवळला. अल्ताइर ज्यांना मारतो त्यांत सलीबी सरदार आहेत तसेच दमिश्क आणि बैतुल मुकद्दसचे जालीमही आहेत. निरपराध माणसे मारत सुटलात तर खेळ तिथेच तोडला जातो. मरणारा शेवटी अल्ताइरशी बोलतो, मी हे भल्यासाठीच करत होतो म्हणतो, आणि अल्ताइरकडे दर वेळी चोख उत्तर नसते. हे मला फार आवडले.

लपण्याची कलाही सुरेख. पळायचे नाही, उलेमांसारख्या पांढऱ्या झग्यातल्या घोळक्यात शिरून मान खाली घालून चालायचे. फक्त त्यांचे हात पाद्र्यांसारखे जोडलेले! पण हा संयम टिकत नाही. पकडले गेलात तरी वार अडवून उलटा वार करण्याची एक युक्ती जमली की दहा शिपाई लोळवता येतात. मग लपायचे कशाला? शिवाय प्रत्येक शहरात तेच: बाकावर बसून कान द्यायचा, कोणाच्या खिशातले पत्र काढायचे, कोणाला बडवून कबूल करवायचे. चौथ्या सावजाला मुलगाही जांभया देऊ लागला.

मसयाफचा किल्ला खरा, तिथले रशीदुद्दीन सिनान खरे. ते निजारी इस्माइली होते, आणि हशीशच्या नशेत खून करण्याची गोष्ट त्यांच्या विरोधकांनी पसरवली. गेममध्ये नशा नाही, पण त्यांचा इस्लामही नाही. त्याऐवजी काहीच सत्य नाही, सगळ्याला मुभा आहे, असे ब्रीद आहे. ते आले व्लादिमीर बार्टोल या स्लोव्हेनियन लेखकाच्या 1938 च्या 'अलामुत' कादंबरीतून. ज्यांनी अकीद्यासाठी जीव दिला त्यांच्या तोंडी हे! मुलाशी माझे सर्वात मोठे भांडण यावर झाले. "खेळ आहे, अम्मी," हे त्याचे उत्तर. माझे अजून संपलेले नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनाही टोचली. रस्त्यात भिकारणी अल्ताइरच्या आडव्या येतात, घरी मुले उपाशी आहेत म्हणतात, पाठ सोडत नाहीत. खेळणाऱ्यांना त्यांचा फार वैताग. पण या गेममध्ये पैसाच नाही. दुसऱ्यांचे खिसे कापणाऱ्या अल्ताइरकडे द्यायला एक दिरहम नाही. करता येते एवढेच: ढकलून पुढे जाणे. एका संध्याकाळी मुलगा दमिश्कच्या गल्लीत थांबला. ती बाई समोर हात पसरून उभी. त्याने तिला ढकलले नाही. एकेक करून सगळी बटणे दाबून बघितली.