मागच्या चाकांचे कुलूप

सध्या माझा मुक्काम दुबई मरीना येथे माझ्या भाच्याकडे आहे. समुद्राचे पाणी आत घेऊन खणलेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा कालवा आणि त्याच्या दोन्ही काठांवर उंचच उंच इमारती, अशी ही वस्ती आहे. २०१३ साली पुरा झालेला, तळापासून माथ्यापर्यंत ९० अंशांनी पिळलेला कायान टॉवर आमच्या गॅलरीतून दिसतो. आल्यागेल्याला ही शोभा हौसेने दाखविण्यात येते. माझा मात्र या खेपेस पुष्कळसा वेळ इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये, भाच्याच्या पिकअप गाडीखाली वाकून पाहण्यात गेला. त्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये विजेवर चालणारे एक लॉक आहे. त्यात फेरबदल करावा की करू नये, यावर आमच्या घरात तीन आठवडे चर्चा चालली होती. ती वाचकांपुढे मांडावी असे वाटते. कारण विषय यंत्राचा असला, तरी प्रश्न गाडीत बसणाऱ्या माणसांचा होता.

मी काही मोटार मेकॅनिक नव्हे. परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून माझी नोकरी झाली. पण चाक आणि आस हा माझा जन्माचा विषय. म्हणूनच भाच्याने मला मध्ये घेतले असावे.

प्रथम डिफरन्शियल म्हणजे काय ते सांगतो. ज्यांनी अलिबाग-पेणकडे बैलगाडी पाहिली असेल त्यांना हे चटकन समजेल. बैलगाडीचा आस फिरत नाही. दोन्ही चाके त्यावर सैल बसविलेली असतात आणि आपापली स्वतंत्र फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते, आतल्याला कमी. हिशेब सोपा आहे. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर गाडीने एक पूर्ण फेरा घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालते. फेरा लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. नुसत्या काटकोनातल्या वळणालाही तो सव्वादोन मीटरांहून अधिक भरतो. बैलगाडीत ओढण्याचे काम बैलांचे असते, चाके फक्त मागोमाग येतात, म्हणून काही अडत नाही.

मोटारीचे तसे नाही. तिथे चाकांनीच गाडी ढकलावयाची असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसविली, तर वळणावर एक चाक फरफटत जाणार. रेल्वेच्या डब्याची चाके अशी आसावर घट्ट दाबून बसविलेली असतात खरी. पण त्यांची रुळावर टेकणारी बाजू किंचित निमुळती कातलेली असते. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालते. डांबरी रस्त्यावरच्या रबरी टायरला ही सोय नाही. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजी कारागिराने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक जुळणी काढली. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना सारखा वाटावयाचा, पण वेग ज्याचा त्याला ठेवू द्यावयाचा, ही त्यातली युक्ती. आजच्या मोटारीतील डिफरन्शियल त्याच तत्त्वावर चालते.

या युक्तीत एक उणीव आहे. जोर सारखा वाटला जातो, म्हणजे ज्या चाकाची पकड सुटली त्याला जेवढा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. वाळूत एक चाक गरागरा फिरू लागले, की दुसरे पकड असूनही स्वस्थ उभे राहते. यावर उपाय म्हणजे लॉक. ते लावले की दोन्ही चाके एकाच दांड्याला बसविल्यासारखी बरोबरीने फिरतात. टोयोटाच्या कित्येक गाड्यांत एक लहानशी विजेची मोटर काटा सरकवून हे काम करते. निसानच्या काही पिकअपमध्ये ते विद्युतचुंबकाकडे असते. भाच्याची गाडी या दुसऱ्या पद्धतीची आहे. डॅशबोर्डवरचे बटण दाबले की विद्युतचुंबकात करंट जातो आणि दात अडकतात. करंट थांबला की स्प्रिंग त्यांना सोडविते.

पण कंपनीने हे बटण मोकळे सोडलेले नाही. गाडी चारही चाकांच्या लो गिअरमध्ये असेल आणि अगदी हळू चालत असेल, तरच गाडीचा संगणक लॉक लावू देतो. लो गिअर काढला की लॉकही सुटते. यामागचे कारण उघड आहे. लॉक लावलेली गाडी वळावयास नाखूष असते. तिचा ओढा सरळ जाण्याकडे असतो. कोरड्या डांबरावर टायर घासतात आणि आसांवर ताण येतो. निसरड्या रस्त्यावर दोन्ही चाकांची पकड एकदम सुटून मागचा भाग बाजूला सरकण्याची भीती असते.

भाच्याची तक्रारही खोटी नव्हती. सुटीच्या दिवशी ही मंडळी चार-पाच गाड्या मिळून अल कुद्राकडे किंवा हत्ता रस्त्यावरील बिदायरच्या तांबड्या टेकडीकडे जातात. वाळवंटात एकट्या गाडीने जाऊ नये, हा तेथला पहिला नियम. वाळूची चढण चढावयाची तर गाडीला थोडा वेग लागतो. लो गिअरमध्ये तो मिळत नाही, आणि वरच्या गिअरमध्ये लॉक लागत नाही. “मामा, जिथे लॉक पाहिजे, नेमके तिथेच ते लागत नाही,” असे त्याचे म्हणणे.

अल कूज भागात गाड्यांची गॅरेजे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाने त्याला तोड सांगितली. लो गिअर लागल्याची खबर संगणकाला ज्या तारेतून मिळते, ती तार तोडून अशी जोडावयाची की, गाडी सदैव लो गिअरमध्येच आहे असे त्याला वाटावे. अर्ध्या तासाचे काम, खर्चही किरकोळ. भाचा दुसऱ्याच दिवशी गाडी न्यावयास निघाला होता.

तेव्हा सूनबाईंनी मला विचारले, “मामा, ह्या तारेमुळे परत येताना हायवेवर काही होणार नाही ना?” परत येताना नऊ वर्षांची नात मागच्या सीटवर झोपलेली असते आणि येथील मोठ्या रस्त्यांवर गाड्या ताशी शंभराच्या वर धावतात. त्या प्रश्नाला गॅरेजवाल्याकडे उत्तर नव्हते. खरे म्हणजे कोणी त्याला तो विचारलाच नव्हता.

मी भाच्याला म्हटले, “फेरबदलाला माझी ना नाही. पण तुला संगणकाला खोटे सांगावयाचे आहे, त्याला माझी हरकत आहे. त्या एका खबरेवरून तो फक्त लॉकच ठरवितो असे तुला कोणी सांगितले? चाके घसरू नयेत म्हणून ब्रेकवर आणि इंजिनावर ताबा ठेवणारी यंत्रणा त्याच खबरेवर चालत असली तर? एका ठिकाणी त्याला फसविलेस, की तो आणखी कुठे कुठे फसेल हे तार तोडणाऱ्यालाही ठाऊक नाही. पहारेकऱ्याला फसवू नकोस. पाहिजे तर त्याला घटकाभर रजा दे आणि तेवढा वेळ पहारा तू कर.”

“म्हणजे काय करायचे?” त्याने विचारले.

मी तीन अटी घातल्या. पहिली, कोणत्याही तारेला हात लावण्यापूर्वी वाहन तपासणी केंद्रात आणि विमा कंपनीत विचारावयाचे. या देशात परवानगीवाचून गाडीच्या इंजिनात किंवा सांगाड्यात बदल करणाऱ्याला दंड होतो. मग वायरिंगच्या बाबतीत अंदाजावर का राहावे? दुसरी, कंपनीची जुळणी जशीच्या तशी शाबूत राहिली पाहिजे. तिसरी, लॉक लागलेले आहे हे गाडीतल्या सर्वांना कळले पाहिजे. पहिली अट त्याला जाचक वाटली, पण त्याने ती पाळली. दोन्हीकडे जे सांगण्यात आले ते त्याने लिहून घेतले. त्या भागाच्या वॉरंटीवर पुढे पाणी सोडावे लागेल, हेही त्याने समजून उमजून पत्करले.

त्यानंतर आम्ही काम केले ते असे. पाच पिनांचा एक रिले घेतला. तो स्वस्थ असताना विद्युतचुंबक कंपनीच्याच तारेला जोडलेला राहतो आणि सारे पूर्वीप्रमाणे चालते. आमचा स्विच दाबला की रिले कंपनीची तार बाजूला करतो आणि विद्युतचुंबकाला स्वतंत्र फ्यूजमधून बॅटरीचा करंट देतो. त्यामुळे आमचा करंट उलटा संगणकात शिरत नाही, आणि गिअरविषयी कोणी त्याला खोटेही सांगत नाही. स्विचवर झाकण बसविले, म्हणजे चुकून हात लागावयास नको. फ्यूज उडाला किंवा तार निघाली तर करंट थांबतो आणि लॉक सुटण्याच्या बाजूला जाते. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे आम्ही वर्कशॉपात शिकलो होतो.

दिव्यावरून पुन्हा वाद झाला. भाच्याला तो स्विचलाच जोडावयाचा होता, कारण ते सोपे. मी त्याला रेल्वेचा दाखला दिला. सांधा बदलण्याचा खटका ओढला म्हणून सिग्नल मिळत नाही; सांधा प्रत्यक्ष बसल्याची खात्री झाल्यावरच मिळतो. स्विच आपली इच्छा सांगतो, आपल्याला वस्तुस्थिती पाहिजे. चाकांवर ताण असला तर स्विच बंद केल्यावरही दात लगेच सुटत नाहीत. गाडी थोडी मागेपुढे करावी लागते. म्हणून दिवा आणि त्याच्या जोडीला एक बझर, दोन्ही आम्ही डिफरन्शियलमधील खुणेच्या स्विचवरून घेतले. लॉक खरोखर लागलेले असेतो दिवा जळतो आणि बझर वाजतो. त्याचा आवाज फार कर्कश आहे अशी सर्वांची तक्रार आहे. तो गोड असता तर कोणी लक्ष दिले नसते.

एका रविवारी सकाळी आम्ही परीक्षेला निघालो. वाळूच्या कडेला थांबून मी प्रथम टायरमधली हवा मोजावयास सांगितले. भाचा २५ पौंड ठेवीत असे, कारण परतताना हवा भरण्याचा कंटाळा. ती १५ पौंडांवर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूवरचा त्याचा ठसा लांब होतो आणि चाक रुतत नाही. ज्या तीन चढणींवर ही गाडी पूर्वी अडली होती, त्यांतल्या दोन ती लॉक न लावताच चढून गेली. भाचा गप्प झाला. तिसरी चढण तिरकी होती. तेथे मागचे एक चाक हलके पडून फिरू लागले आणि गाडी थांबली. मागे सरळ उतरून, गाडी पूर्ण थांबवून, चाके स्थिर असताना त्याने स्विच दाबला. फिरत्या चाकावर लॉक लावले तर दात तुटतात, हे त्याला बजावून ठेवले होते. घसरण रोखणारी यंत्रणा तिच्या स्वतःच्या बटणाने बंद केली. बझर वाजू लागला आणि गाडी संथपणे वर गेली. माथ्यावर पोहोचताच त्याने स्विच बंद केला.

म्हणजे लॉकची गरज खरी होती, पण त्याला वाटत होती त्याच्या एक तृतीयांश. बाकीचे काम हवेने केले, आणि त्याला कोठलीच तार तोडावी लागली नाही.

आपली पुष्कळ तरुण मंडळी आखाती देशांत नोकरीला आहेत आणि सुटीत गाड्या घेऊन वाळवंटात जातात. त्यांच्या हौसेच्या आड मी येत नाही. एवढेच सांगतो की, गाडीतले एखादे बंधन जाचक वाटले तर आधी ते कशासाठी आहे हे शोधावे, मग त्यावाचून भागते का ते पाहावे, आणि बदल करावयाचाच तर असा करावा की जबाबदारी कोणाची हे गाडीतल्या लहान मुलालाही समजेल. जो दहा मिनिटांत तार तोडून देतो, तो परतीच्या प्रवासात आपल्या शेजारी बसलेला नसतो.

आमच्याकडे हे काम नातीने मागून घेतले आहे. वाळू संपून डांबर लागण्यापूर्वी गाडी थांबते, टायरमध्ये हवा भरली जाते, आणि ती मागच्या सीटवरून पुढे वाकून लाल दिव्याकडे पाहते. “विझलाय,” असे तिने सांगितल्याशिवाय तिचे बाबा गाडी रस्त्यावर घेत नाहीत.