मुठीवरचा शिक्रा

मोडनिंबच्या शिवारात डाळिंबाच्या बागांवर जाळी चढली, की तिथल्या एका पक्षीमित्राकडे जखमी शिक्रे येऊ लागतात. कुणाचा पंख जाळीत पिळवटलेला, कुणाचा मांज्याने चिरलेला. वन विभागाला कळवणं, पशुवैद्याकडून हाड बसवून घेणं हे आता सवयीचं झालंय. खरी झटापट पुढे असते. बरा झालेला पक्षी पुन्हा शिकारीला लावायचा, पण माणसाला लावायचा नाही.

हत्यारं मात्र बाजदारांचीच. पायात चामडी वादी, उडण्याच्या सरावासाठी लांब दोर, तराजू. कुमाऊंच्या रुद्रदेवाच्या संस्कृत ‘श्यैनिकशास्त्रा’त शिकारी पक्ष्यांचं शिक्षण आणि औषधपाणी आहे, ते सगळं पक्षी परत यावा म्हणून. या पक्षीमित्राला तो परत यायला नको आहे.

शिक्रा भरतो जेमतेम दोनशे ग्रॅम, नर त्याहून हलका. छातीचं हाड बोटाने चाचपत तो रोज अंदाज घेतो. थोडं जास्त खाल्लं तर पक्षी उडायचा कंटाळा करतो, थोडं कमी पडलं तर पंखात जोर उरत नाही. आणि भुकेला पक्षी सगळ्यात आधी खाऊ घालणारा हात ओळखतो. इथेच पक्षीमित्र वर्षानुवर्षं अडकलाय. फडक्याआडून भरवलं, शीळ घालणं सोडलं. शिक्र्याला हातमोजा दिसायचा तो दिसतोच.

खरं तर मुठीवर झेपावून उतरणारा शिक्रा त्याला हवासा वाटतो. नखं चामड्यात रुततात, त्या सुखासाठी तो दोर एखादा दिवस जास्तच ठेवतो. हे तो स्वतःच सांगतो.

‘मुलांच्या हातावर ससाणा बसवा’ अशी मागणी आली की मात्र तो भडकतो. ब्रिटनमध्ये पैसे भरून असा दिवस मिळतो. तिथे बहुधा पिंजऱ्यात जन्मलेला हॅरिस हॉक असतो. मूळचा अमेरिकेतला, टोळीने शिकार करणारा, म्हणून माणसात रुळणारा. शिक्रा एकांडा. शिवाय आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने असे पक्षी पकडणं गुन्हा आहे. घुबड खांद्यावर घेऊन फोटो काढणाऱ्यांना तो पक्षीप्रेमी म्हणायला तयार नाही.

यंदा एक मुलगी शिकायला आली. ती पडद्यामागून, नळीतून मांस सोडते. तिचे शिक्रे तिला ओळखतही नाहीत, आणि हे तिला फार आवडतं. त्याला ते पटतं, पण सोसत नाही.

आता ती म्हणते, दोर नकोच, उडायला मोठा पिंजरा बांधू. तो लांब, सरळ पिंजरा सुचवतो. तिला वळणाचा हवा, कारण आखूड पंखांचा, लांब शेपटीचा शिक्रा झाडांमधून वळतच भक्ष्य गाठतो.