पायी चोडणास

मागील दिवाळीच्या सुटीत आम्ही पणजीहून चोडणास पायी गेलो. यात पराक्रम म्हणावा असे काही नाही. पणजीपासून रायबंदरचा फेरीधक्का अवघा पाच-सहा किलोमीटर. पुढे मांडवी ओलांडली की चोडण बेट. आमचे आजे-पणजे ही वाट डोक्यावर ओझे घेऊन तुडवीत असत. परंतु शेजारच्या गृहस्थांना हे कळताच त्यांनी ‘स्कूटर बिघडली काय?’ असे काळजीने विचारले!

चोडण हे आमचे आजोळ. तेथे आमचे वृद्ध मामा एकटेच राहतात. आम्ही वर्षातून दोन-तीनदा त्यांना भेटावयास जातो; पण ते जाणे कसले! उंबरठ्यावर पाऊल पडते न पडते तोच परतीच्या फेरीबोटीची वेळ आम्ही मनात मोजू लागतो. निघताना मामा दर खेपेस एकच वाक्य बोलत, “एक दीस सवडीन यो रे.” त्या सवडीला पंधरा वर्षे लागली.

पणजीची वस्ती संपली की पोर्तुगीज अमदानीत 1633-34 च्या सुमारास बांधलेला लांब दगडी सेतू लागतो. विजरई कोंद द लिन्यारिश याच्या नावाने तो ओळखला जातो. लांबी सुमारे तीन किलोमीटर. वाहनातून हा सेतू म्हणजे दोन-चार मिनिटांचा रस्ता. पायी चालणाऱ्याला मात्र तो सेतू आहे हे प्रथमच कळते, कारण दोन्ही अंगांचे पाणी दिसू लागते. डावीकडे मांडवी, उजवीकडे खारफुटीचे रान. त्या दिवशी ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलात खारफुटीची श्वासमुळे हजारो पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी वर आली होती. त्यांच्यामधून निवटे नावाचे चिमुकले मासे, आपण मासे आहोत हे विसरून, चिखलावर उड्या मारीत होते. एक खंड्या तारेवर बसून त्यांच्याकडे बघत होता. आम्ही खंड्याकडे बघत उभे राहिलो. मागून एक मोटार कर्कश भोंगा वाजवीत गेली, तेव्हा भानावर आलो.

रायबंदरच्या धक्क्यावर 2025 सालापासून मोठ्या रो-रो बोटीही धावू लागल्या आहेत. आम्ही हट्टाने जुन्या फेरीबोटीची वाट पाहिली. (हट्टाचे कारण विचाराल तर सांगता येणार नाही. लहानपणी आई तिच्या कठड्याशी आम्हांस घट्ट धरून उभी राहत असे, एवढेच.)

पलीकडे उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे दार लागते. पावणेदोन चौरस किलोमीटरांच्या आसपासचे हे खारफुटीचे रान 1988 साली राखीव झाले. हिवाळ्यात दूरदूरचे पाहुणे पक्षी येथे उतरतात. विद्यार्थी मित्रहो, ते तुम्ही अवश्य पाहावे. आम्ही मात्र त्या दिवशी दारावरून पुढे गेलो, कारण आम्हांस मामांचे शेत पाहावयाचे होते.

“चलत आयलो? आनी स्कूटर खंय?” मामांनी विचारले. आज संध्याकाळपर्यंत राहणार, हे ऐकताच त्यांनी काही न बोलता खुंटीवरची टोपी घेतली आणि आम्हांस बांधावर नेले.

ज्यांनी खाजन पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. गोव्यात नदीकाठची सखल जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते, तिला खाजन म्हणतात. अशी जमीन राज्यात सुमारे 18,000 हेक्टर आहे, आणि ही विद्या पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची. बांधात एके ठिकाणी चिऱ्यांनी बांधलेले तोंड आणि त्यात लाकडी दारे असतात. ती ‘मानस’. मराठीत मानस म्हणजे मन. आमच्या कोंकणीत ती पाण्याची चौकीदारीण. ओहोटी लागली की आतले पाणी दारे ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की नदीच दारे लोटून घेते. माणसाने हात लावावा लागत नाही. पावसाळ्यात आकाशाचे पाणी मातीतील खार धुऊन काढते आणि कोरगुटासारखे खार सोसणारे भात उभे राहते. कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन त्याच शेतात मासळी धरावयाची. एकाच जमिनीने भातही द्यावे आणि त्यावरचे हुमणही!

पण बांध दरवर्षी मागतो. खेकडे भोके पाडतात, लाटा माती खातात. पंधरा वर्षांपूर्वी मामांच्या शेताकडील बांधाला खांड पडली. मामांनी तेव्हा आम्हांस एक अर्ज लिहून देण्यास सांगितले होते. “तुजें मराठी बरें,” ते म्हणाले होते. आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो आणि घाईत होतो. ‘पुढच्या खेपेस’ म्हणालो. पुढच्या खेपेस आम्ही विसरलो, आणि मामांनी आठवण केली नाही.

त्या शेताच्या जागी आता पुरुषभर उंचीची खारफुटी आहे. शेंड्यांवर पांढरे बगळे बसले होते. दृश्य सुंदर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या प्रवाशाने त्याचे छायाचित्र काढून भिंतीवर लावले असते. मामा म्हणाले, “सुकणीं आयलीं, बरें जालें. पूण भात गेलें.” त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. असता तर आम्हांस सोपे गेले असते. अर्ज केल्याने बांध वाचलाच असता असे नाही. पण तो केलाच नव्हता.

थोड्या अंतरावर शेजाऱ्यांचे खाजन अजून नांदते आहे. तेथल्या मानशीवर आम्ही भरतीची वाट पाहत बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी आधी थबकले, मग उलट फिरले, आणि ती जुनी लाकडी दारे कण्हत मिटली. मामांनी समाधानाने मान हलविली. मग काठीने बांधाचा एक भाग दाबून दाखविला. माती मऊ लागत होती. येता पावसाळा तो सोसणार नाही, असे त्यांचे मत पडले.

ओसरीवर दिवा लावून आम्ही अर्ज लिहावयास बसलो. दोन पाने झाली. मामांच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचून दाखविला. ‘बांधातील झडपेजवळ’ या शब्दांशी त्यांनी हात वर केला.

“झडप म्हळ्यार कितें?”

“मानस, मामा. कचेरीतल्या साहेबांना मानस समजणार नाही.”

“समजना जाल्यार तांणें हांगा येवंचें,” मामा म्हणाले, “चलत.”

आम्ही झडप खोडली.