२४० वॅटचा संसार

चि. सीपीयू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरात सगळे तुला सीपीयूच म्हणतात, म्हणून मायन्यातही तेच लिहिलं. खरा सीपीयू म्हणजे तुझ्या पोटातली काडेपेटीहून लहान चौकोनी चिप. पण बारशाला कुणी चुकलं तरी नाव रूढ होतंच. २०१७ साली तू खोक्यातून तयार बाहेर आलास. वायर लावली, बटण दाबलं, चालू. दारोदार फिरून सुटे भाग जमवणाऱ्या मित्रांना मी तेव्हा हसलो होतो.

आठ वर्षं तू माझी एक्सेलची पानं बिनबोभाट ओढलीस. पण लेक आर्किटेक्चरला गेली आणि ब्लेंडर नावाचं प्रकरण घरात आलं. तिच्या एका चित्रावर उजेड-सावल्या चढवायला तुला रात्र पुरेना. सकाळी बघावं तर निम्मं चित्र झालेलं आणि तुझा पंखा घोरतोय. एक ग्राफिक्स कार्ड घातलं की झालं, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही मान डोलावली.

डोंबिवलीहून लोकलनं लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण तुझ्या नावासारखीच गोष्ट.) वापरलेलं आरटीएक्स ३०५० स्वस्तात मिळत होतं. दुकानदारानं एकच विचारलं, "एसएमपीएस कितीचा आहे?" (म्हणजे तुला वीज पुरवणारा डबा.) मी ऐटीत म्हणालो, "कंपनीचाच आहे." तो गालात हसला. म्हणाला, "काका, आधी उघडून लेबल वाचून या." काका ऐकतात थोडेच!

घरी तुझं झाकण काढलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. धुळीच्या गादीखाली लेबल सापडलं: २४० वॅट. हातातलं कार्ड २०२२ सालचं, ८ जीबीचं, १३० वॅट खाणारं. ज्या स्लॉटमध्ये ते बसायचं, तो फार तर ७५ वॅट देतो. उरलेले एसएमपीएसमधून निघणाऱ्या आठ पिनांच्या वायरनं यायला हवेत, आणि तुझ्यात ती वायर नव्हतीच.

मग मोठा एसएमपीएस घालू, म्हटलं. इथे मात्र तुझ्या जन्मदात्यांचा मला खरा राग आला. बाजारातल्या एसएमपीएसचा मुख्य कनेक्टर चोवीस पिनांचा. तुझ्या मदरबोर्डवर जागा सहा पिनांची, फक्त तुमच्या घराण्यात चालणारी. स्क्रूची भोकंही जुळेनात. त्यांची बाजूही सांगतो: फक्त १२ व्होल्ट आणायचे आणि लागतील तसे लहान व्होल्टेज बोर्डावरच करायचे, यात तू नुसता बसून असताना वीज कमी जाते. कल्पना चांगलीच आहे. पण तिच्यासाठी प्रत्येक घराण्यानं आपापलं कुलूप करायची गरज नव्हती. घर घेतलं आणि खिळा ठोकायला बिल्डरचीच हातोडी लागते, असं झालं.

कुणीतरी सुचवलं, हार्ड डिस्कच्या साटा वायरला जोडायचा अडॅप्टर मिळतो. तो मी घेतला नाही, हे या सगळ्यातलं माझं एकमेव शहाणपण. साटाच्या प्लगमधून १२ व्होल्टचे जेमतेम ५४ वॅट नेता येतात. त्यावर कार्डाचा भार टाकला की प्लॅस्टिक आधी मऊ होतं, मग वास येतो.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. दुकानदारानं थोडे पैसे कापून जुनं परत घेतलं आणि दुसरं खोकं पुढे केलं. त्यावरही आरटीएक्स ३०५०च! फक्त ६ जीबीचं, २०२४ सालात आलेलं, ७० वॅटचं. वेगळी वायर नको, स्लॉटमधून मिळेल तेवढ्यावर भागतं. एकाच नावाची दोन भावंडं. एक खातं दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. खोक्यावर नाव ठळक छापतात, वॅट शोधावे लागतात. धाकट्याचा वेग कमी आहे, ते मान्य. पण तुझ्या प्रोसेसरचे ६५ आणि याचे ७० धरूनही डिस्क, रॅम, पंखे यांना पुरेसं उरतं.

बसवणं दहा मिनिटांचं काम. वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली (डोंबिवलीच्या दमट हवेत ती कितीशी असणार, पण शास्त्र असतं), मागच्या दोन पट्ट्या काढल्या, कार्ड दाबलं. टक् झालं. बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडदा काळा.

काय काय मनात आलं ते लिहीत नाही. लेक आली, तुझ्या मागे वाकली आणि मॉनिटरची वायर जुन्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावली. एक शब्द बोलली नाही, हे तिचे उपकार.

परवा तिचं चित्र चहा उकळेपर्यंत तयार झालं. तू घोरलाही नाहीस.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
झाकण उघडायला आठ वर्षं लावणारा मालक

ता. क. तुझ्यातून निघालेल्या दोन पट्ट्या आणि एक जास्तीचा स्क्रू ड्रॉवरमध्ये आहेत. स्क्रू कुठला, ते मला अजून कळलेलं नाही.