अहेरीतील सागरवेष

आमच्या अहेरीहून अरबी समुद्र नकाशावर सरळ रेषेने मोजला तरी सातशे किलोमीटरांहून अधिक दूर भरतो. बंगालचा उपसागर सुमारे त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. आणि आमच्या प्राणहितेचे पाणी सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळून अखेर त्याच सागरात जाते. समुद्राशी आमचा संबंध काय तो एवढाच. तरीही गेल्या वर्षापासून आमच्या घरात समुद्रकाठच्या पोषाखाची चर्चा चालू आहे. ती ज्या थरास गेली ते पाहता इतर कुटुंबांतील वडीलधाऱ्यांसही तीत काही घेण्याजोगे सापडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

चर्चेस आरंभ केला तो आमच्या धाकट्या सूनबाईने. तिचे माहेर रत्नागिरीकडचे. शहरांतील तरुण मंडळींत हल्ली एका वेषाचे प्रस्थ आहे: सैल पांढरा लिननचा सदरा, घोट्याच्या वर दुमडलेली ढगळ विजार, निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची बंडी, डोक्यास रुंद काठाची गवती टोपी आणि पायांत कापडी जोडा. मनुष्य आताच वाळूवरून फिरून आला आहे व त्यास कसलीही घाई नाही, असे पाहणाऱ्यास वाटावे हा त्यातील हेतू. सूनबाईस हा वेष मनापासून आवडतो. तो अहेरीत वापरावयाचे तिने ठरविले व प्रथम आम्हांस विचारले. थोरल्या वहिनींकडे ती नंतर गेली. यातील धोरण सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईलच.

वहिनींचा पहिला शेरा ठरलेलाच होता. “भाऊजी, हे साहेबी थेर आपल्या घरात कशाला?” आम्ही जन्मभर मुलांकडून शब्दांची फोड करवून घेतली. तेव्हा साहेबी म्हणजे किती साहेबी, हे पाहण्याचा मोह आम्हांस आवरला नाही.

लिनन ज्या झाडाच्या सालीतून निघते ते झाड म्हणजे आपले जवस. आमच्या विदर्भात ते तेलासाठी पेरतात आणि त्याची चटणी घरोघर खातात. संस्कृतात त्यासच अतसी किंवा क्षुमा म्हणतात आणि क्षुमेपासून झालेले वस्त्र ते क्षौम. अमरकोशात वस्त्राची चार उगमस्थाने सांगितली आहेत: साल, फळ, कृमी आणि रोम. क्षौम सालीचे, कापूस फळाचा, कौशेय कृमीच्या कोशाचे. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेस तपोवनातील वृक्ष जे चंद्रासारखे शुभ्र वस्त्र देतात, ते क्षौमच होय. म्हणजे सूनबाई मुंबईच्या दुकानातून जे मागविणार होती, ते कण्वाच्या आश्रमात झाडावरून मिळत होते, तेही हुंडीवाचून!

‘डंगरी’ म्हणून जी जाड्याभरड्या कापडाची विजार साहेबांच्या खलाशांनी वापरली, तिचे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले. सतराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजी कागदपत्रांत ते आढळते. ‘पायजमा’ हा शब्द फारसी असला तरी इंग्रजीत तो येथूनच गेला, आणि 1920 नंतरच्या दशकात युरोपातील स्त्रिया समुद्रकिनाऱ्यावर ढगळ पायजमे घालून हिंडू लागल्या तेव्हा तिकडील वहिनींनीही नाके मुरडलीच असतील. परंतु सर्व काही आमच्या पूर्वजांनीच शोधून ठेवले असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पट्ट्यांची बंडी खास फ्रेंचांची आहे. 1858 साली फ्रेंच आरमाराने खलाशांच्या गणवेषात ती घातली, व तिच्यावर पांढरे पट्टे एकवीस असावेत आणि ते निळ्यांच्या दुप्पट रुंद असावेत, असे हुकमाने ठरवून दिले. ज्या वेषास आज निश्चिंतपणाची खूण मानतात, त्याचे पट्टे सरकारी हुकमाने मोजलेले असावेत, ही गंमत आम्हांस फार आवडली.

यातून एक गोष्ट उघड होते. समुद्रकाठचा वेष हा मुळात विश्रांतीचा नाहीच, तो कष्टाचा वेष आहे. पाण्यात उतरावे लागते म्हणून विजार वर, जाळे ओढावे लागते म्हणून बाही आखूड, भिजलेले लवकर वाळावे म्हणून कापड सैल व विरळ. आमच्या कोळी बांधवांचा कमरेचा चौकटीचा रुमाल याच जातीचा. आंध्रात चिराळा म्हणून समुद्रालगतचे गाव आहे. तेथील तेलिया रुमालाचे सूत तेल व राख यांत मुरवून नंतर रंगवीत, आणि मासेमारी करणारे लोक तो कमरेस व डोक्यास गुंडाळीत. गोव्यात शेतात राबणाऱ्या बायकांची तांबड्या-पांढऱ्या चौकटीची कुणबी साडी घोट्याच्या वर नेसतात ती चिखलासाठी. वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) या वेषकाराने बार्देशातील कोलवाळ गावी बसून जे सैल, शुभ्र, बिनझगमगाटाचे कपडे केले, त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली; 2014 साली त्यांस पद्मश्री मिळाली. पण आम्हांस त्यांचे मोठेपण याहून दुसऱ्या गोष्टीत वाटते. मागे पडलेली ती कुणबी साडी त्यांनी पुन्हा मागावर आणविली. समुद्राची कल्पना त्यांनी चित्रातून घेतली नाही, शेजारच्या शेतातून घेतली.

सूनबाईस आम्ही हेच सांगितले: “वेष अवश्य घे, पण आपल्या हवेतून गाळून घे.” कारण हवा निराळी आहे. किनाऱ्यावर वारा असतो व तो अंगास लागावा म्हणून गळा उघडा ठेवितात. अहेरीत वैशाखात पारा पंचेचाळिशीस टेकतो. तेव्हाचा वारा अंगाहून तप्त असतो. तो अंगास लागू न देणे हेच शहाणपण. सबब गळा बंद आणि बाही मनगटापर्यंत, मात्र सगळे सैल, म्हणजे कापड व अंग यांच्यामध्ये थोडी जागा राहते. पावसाळ्यात तर संध्याकाळी घोटे व कोपरे उघडी टाकणे म्हणजे डासांस आमंत्रण. आमच्या जिल्ह्यात हिवतापाची थट्टा कोणी करीत नाही. विजार दुमडण्याची हौस दिवसा अंगणात भागवावी. गवती टोपीऐवजी आम्ही ओला पंचा डोक्यास सुचविला. कोकणच्या दमट हवेत ओला पंचा तासभर ओलाच राहतो. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पाहता पाहता वाळतो, आणि वाळताना डोके थंड करतो. कापडी जोड्याची पहिल्याच पावसात काय अवस्था झाली ते येथे सांगत नाही.

लिनन महाग पडते. त्याऐवजी हातमागाचे विरळ सुती कापड आणले. आमच्या बाजारातील शिंप्यास आम्ही तीन गोष्टी समजावून दिल्या: बगलेत चौकोनी कळी घालावी, म्हणजे हात वर करताना सदरा ओढला जात नाही, दोन्ही बाजूंस वीतभर फाट ठेवावी, आणि खिसा छातीवर न ठेवता खाली ठेवावा, कारण वाकले की चष्मा पडतो. पहिल्या दोन गोष्टी त्यास ठाऊक होत्या. आमच्या आजोबांच्या बंडीस त्या होत्याच. आजोबा नोकरीनिमित्त कोकणातून चांद्याकडे आले ते पंचा, बंडी व उपरणे घेऊन. येथे आल्यावर उपरणे मात्र कोशाचे झाले. आरमोरीच्या बाजूस ढिवर लोक ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवितात. त्या धाग्याचा न रंगविलेला मधासारखा वर्ण धुळीचा डाग दाखवीत नाही. पांढरे वस्त्र वाळूवर शोभते, आमच्या रस्त्यांवर ते घटकाभरही टिकत नाही. मासे धरणाऱ्यांनी रेशीम पिकवावे आणि ते समुद्राकडून आलेल्या माणसाच्या खांद्यावर पडावे, याहून खरा सागरवेष अहेरीत दुसरा कोणता?

चौतीस वर्षे आम्ही टेरिकॉटची पाटलोण व आत खोचलेला सदरा घालून वर्गात उभे राहिलो. वरिष्ठांस तसेच हवे असे. मेच्या परीक्षांत फळ्यापुढे पाठ भिजून जाई. सेवानिवृत्तीनंतर आम्ही बंडी-पंचा धरला त्यास कोणी हरकत घेतली नाही. आमचे थोरले बंधू तर उन्हाळाभर ओसरीवर केवळ पंचावर बसतात. अधिकारी येवोत की व्याही येवोत, खांद्यावर उपरणे टाकले की झाले. त्यास लोक साधी राहणी म्हणतात.

सूनबाई सैल विजार व लांब सदरा घालून स्वयंपाकघरातून बाहेर आली, तेव्हा मात्र घरात चार दिवस अबोला पडला. वहिनी म्हणाल्या, “पाहुणेमंडळी येतात. वडिलांसमोर विजार?” आमची सौ. काही बोलली नाही, परंतु तिने ताटे जरा जोराने ठेविली. दादा वर्तमानपत्राआड गेले. तेव्हा आम्हांस बोलणे भाग पडले. पुरुषाचे उघडे अंग ती साधी राहणी आणि स्त्रीचे मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेले सैल अंग ती बेअदबी, हा न्याय कोणत्या स्मृतीत आहे? आमच्या वाचनात तरी आला नाही. ओसरीवर वारा तरी येतो. शेगडीपुढे काय येते?

हा प्रश्न आम्ही वादासाठी विचारला नव्हता. गेल्या वैशाखात घरी मुंजीचे केळवण होते. वहिनींनी नेहमीप्रमाणे कृत्रिम धाग्याचे पातळ नेसले होते. इस्त्री लागत नाही व लवकर वाळते, म्हणून अलीकडे त्या दुसरे नेसतच नाहीत. पुरणाचे पातेले उतरविता उतरविता त्या भिंतीस टेकल्या आणि तशाच खाली बसल्या. डोळे फिरले होते, कपाळ तापलेल्या तव्यासारखे. सूनबाईनेच पदर सोडवून ओले फडके गुंडाळले, पंखा आणला. डॉक्टरांनी उन्हाचा ताप सांगितला. आणखी अर्धा तास तसाच जाता तर आम्ही आज हा लेख लिहीत बसलो नसतो. जाताना डॉक्टर म्हणाले होते की, हे पातळ घाम शोषीत नाही. सुती व सैल वापरा. औषध नेमाने घेतले गेले. कापडाचे कोणी मनावर घेतले नाही.

आम्ही त्या दिवसाची आठवण दिली, तेव्हा वहिनी उठून माजघरात गेल्या. आम्हांस वाटले, फार बोललो की काय. पण परतताना त्यांच्या हातात ट्रंकेतील जुने सुती नारायणपेठी लुगडे होते. चौकडी निळी, काठ विरलेले, मधला भाग अजून धड. लुगडे सूनबाईपुढे टाकून त्या म्हणाल्या, “विजार नको. पायघोळ झगा चालेल. बाह्या कोपराखाली. गळा बंद.” सूनबाईने टेप काढला. वहिनी थोडा वेळ ताठ उभ्या राहून मापे देत होत्या, मग हळूच विचारत्या झाल्या, “किल्ल्यांसाठी खिसा ठेवता येतो का गं?”

“दोन ठेवते, मोठ्या आई,” सूनबाई म्हणाली. “एक तपकिरीच्या डबीसाठी.”