अर्थ नसलेलं गाणं

लहानपणी मी फार अडखळत बोलायचो. वर्गात धडा वाचायला उभा राहिलो, की पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची. मुलं खिदळायची आणि मी मान खाली घालून बसून घ्यायचो.

वाकडला तेव्हा शेतं होती. संध्याकाळी विहिरीपाशी आजोबा रेडिओ लावून बसत. एकदा त्यावर लागलं 'ईना मीना डीका'. पाय आपोआप नाचायला लागले!

''आजोबा, य-य-याचा अर्थ काय?''

''अर्थच नाही रे! म्हणून तर चुकायची भीती नाही. म्हण बघू!''

आणि काय गंमत! गाताना मी एकदाही अडखळलो नाही.

पुढे या गाण्याची कुळकथा कळली. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॅझ संगीताचं वेड पसरलं. आखूड केसांच्या मुली चार्ल्स्टन नाच करत आणि गमतीदार, वेडगळ गाणी गाजत. १९२३ मधलं एक गाणं तर चक्क केळी संपलेल्या फळवाल्यावर होतं! हे जॅझ मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतही आलं. गोव्याचे वादक रात्री तिथे ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या गाण्यांना साथ करत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांनी ही वाद्यं घेऊन कितीतरी खट्याळ चाली बांधल्या. 'ईना मीना डीका' हे १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनीही ते वेगवेगळं गायलंय. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून ते सुचलं आणि एका गोवेकर सहायकाने त्यात 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोंकणी शब्द घातले, असं सांगतात. म्हणजे आजोबांचं थोडं चुकलंच की!

माझं बोलणं काही एका दिवसात सुधारलं नाही. पण पुढच्या वेळी वर्गात वाचताना मी पायाने हळूच ठेका धरला. तीनदा अडखळलो. मुलं हसलीच, पण मी खाली बसलो नाही. धडा पुरा केला.

आता तिथे विहीर नाही, आजोबाही नाहीत. उंच इमारती आहेत. मी अजूनही कधीकधी अडखळतो. तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका हं! जरा थांबा. त्याचं तो करील.