संगणकाच्या स्मरणशक्तीची परीक्षा

विद्यार्थी मित्रांनो, पेपर तपासताना शेवटच्या गठ्ठ्याला शिक्षकांची घाई होते, हे मी कबूल करतो. अशीच घाई मी एकदा संगणकाच्या बाबतीत केली, त्याची ही गोष्ट.

आमच्या संगणक कक्षातला एक संगणक मधूनच बंद पडायचा. रॅमची शंका आली म्हणून पेन ड्राइव्हवरून 'मेमटेस्ट ८६ प्लस' या मोफत प्रोग्रामची जुनी आवृत्ती लावली. तास उलटला तरी पहिली फेरी संपेना. शाळा सुटली होती. मी एस्केप दाबलं आणि वहीत लिहून टाकलं, "रॅम ठीक."

पुढच्या आठवड्यात त्याच संगणकावर एका मुलीची प्रकल्पाची फाइल खराब झाली. "तूच नीट सेव्ह केली नसशील," मी सगळ्यांदेखत म्हणालो. ती काहीच बोलली नाही. मला मात्र रात्री झोप लागेना.

ही चाचणी इतकी हळू का चालते? ८ जीबी रॅममध्ये जवळपास ६,९०० कोटी बिट असतात. प्रत्येक ठिकाणी ० लिहायचा, वाचायचा. मग १ लिहायचा, वाचायचा. शेजारच्या बिटमुळे बदल होतो का, तेही वेगवेगळे नमुने लिहून पाहायचं. एका चाचणीत तर लिहून काही मिनिटं नुसतं थांबायचं आणि मग विचारायचं, "आठवतंय का?" इथे घाई करून कसं चालेल?

पण वेळ वाचवता येतो बरं का! २०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत प्रोसेसरचे अनेक कोर मिळून काम वाटून घेतात. विंडोजच्या मेमरी चाचणीत बेसिक, स्टँडर्ड, एक्स्टेंडेड असे प्रकार आहेत. लिनक्समध्ये किती नमुने तपासायचे, तो आकडा आपणच देतो. आणि एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा: रॅम नापास करायला एकच चूक पुरते, पास करायला मात्र पूर्ण पेपर तपासावा लागतो.

शनिवारी नवी आवृत्ती लावली, रॅमची एकेक पट्टी वेगळी तपासली. दुसऱ्या पट्टीवर लाल ओळी उमटल्या. पट्टी बदलली. सोमवारी त्याच वर्गात, सगळ्यांदेखत, त्या मुलीची माफी मागितली.

मित्रांनो, काम जरूर लवकर करा, त्यासाठी युक्त्या शोधा. पण अर्धवट तपासून "ठीक" असा शेरा मारू नका. त्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.